अंतकाळाचा देश : ‘ॲलिस इन बॉर्डरलँड’ या जपानी मालिकेतील खेळ, मृत्यू आणि मागे उरलेल्यांचे ऋण

प्रास्ताविक

हारो आसो यांची ‘इमावा नो कुनि नो आरिसू’ ही मांगा, म्हणजेच जपानी चित्रकथा, शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन संडे’ परिवारातील नियतकालिकांतून २०१० ते २०१६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे १८ खंडांत ग्रंथरूपाने आली. तिच्यावरून दिग्दर्शक शिन्सुके सातो यांनी केलेली मालिका ‘ॲलिस इन बॉर्डरलँड’ या इंग्रजी नावाने नेटफ्लिक्सवरून जगभर पोहोचली. मालिकेचे पहिले पर्व डिसेंबर २०२० मध्ये, दुसरे डिसेंबर २०२२ मध्ये आणि तिसरे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाले. पहिल्या दोन पर्वांचे प्रत्येकी ८ आणि तिसऱ्याचे ६ भाग आहेत.

कथानकाचा सांगाडा साधा आहे. आरिसू हा बेकार तरुण आणि त्याचे करुबे व चोता हे दोन मित्र टोकियोतील शिबुया चौकात दंगा करतात, पोलिसांना चुकविण्यासाठी स्वच्छतागृहात लपतात आणि बाहेर येतात तेव्हा शहर निर्मनुष्य झालेले असते. या रिकाम्या शहरात रात्री ठिकठिकाणी खेळ मांडले जातात. हरणाऱ्याच्या वाट्याला मृत्यू येतो. जिंकणाऱ्याला काही दिवसांचा ‘व्हिसा’ मिळतो आणि तो संपला की आकाशातून येणारा किरण त्याचा वेध घेतो. प्रत्येक खेळाला पत्त्यांच्या जोडातील एक पान असते. इस्पिकचे खेळ शरीरबळाचे, किलवरचे संघभावनेचे, चौकटचे बुद्धीचे आणि बदामचे मनाशी खेळणारे असतात. पानावरील आकडा खेळाची काठिण्यपातळी दाखवितो.

या मालिकेची चर्चा बहुधा जीवघेण्या स्पर्धेचे रूपक म्हणून होते आणि २०२१ मध्ये आलेल्या ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेशी तिची तुलना केली जाते. ही तुलना अस्थानी नसली तरी अपुरी आहे. ‘स्क्विड गेम’मधील माणसे कर्जात बुडालेली आहेत आणि ४५.६ अब्ज वोनच्या बक्षिसासाठी ती खेळात उतरतात. आरिसूच्या जगात बक्षीस नाही. तेथे जिंकून मिळतात ते फक्त जगण्याचे दिवस. त्यामुळे या मालिकेचा मूळ प्रश्न पैशाचा राहत नाही. इतर मेले आणि आपण उरलो, तर या उरण्याचा हिशेब कोणाला आणि कसा द्यायचा, हा तिचा प्रश्न आहे. मालिका या प्रश्नाला कोठवर भिडते आणि कोठे त्याला बगल देते, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. कथेच्या शेवटाचा विचार केल्यावाचून हे शक्य नसल्याने तो येथे उघड केला आहे.

शीर्षकातील संकेत

लुईस कॅरोल यांच्या १८६५ मधील ‘ॲलिस’च्या कथेचे जपानी नाव ‘फुशिगी नो कुनि नो आरिसू’, म्हणजे नवलाच्या देशातील आरिसू, असे आहे. आसो यांनी त्यातील ‘फुशिगी’ काढून त्या जागी ‘इमावा’ हा शब्द घातला. ‘इमावा’ म्हणजे मरणाची घटका. मराठीतील ‘अंतकाळ’ हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. ‘आरिसू’ हे ‘ॲलिस’चे जपानी उच्चारण असून ते नायकाचे आडनावही आहे. त्याला भेटणाऱ्या गिर्यारोहक मुलीचे नाव उसागी, म्हणजे ससा. हॅटर, चेशायर मांजराची आठवण करून देणारा चिशिया, बदाम राणी आणि तिचा क्रोकेटचा खेळ हे सारे कॅरोल यांच्याकडून आलेले आहे.

हे ऋण नावांपुरते मर्यादित नाही. ‘बॉर्डरलँड’ या इंग्रजी शब्दातून केवळ सीमाप्रदेशाचा बोध होतो. मूळ शीर्षकाने मात्र कथेचे रहस्य पहिल्याच पानावर वाचकाच्या हाती ठेवलेले आहे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस कळते की शिबुयावर उल्का कोसळली होती, आरिसूचे हृदय सुमारे मिनिटभर थांबले होते आणि हा सारा प्रदेश म्हणजे त्या आपत्तीत सापडलेल्यांचा अंतकाळ होता. जपानी वाचक हे शब्द डोळ्यांसमोर ठेवूनच सारी कथा वाचत असतो. तरीही ते त्याला जाणवत नाहीत. मृत्यूविषयीच्या माणसाच्या सवयीशी हे सुसंगतच आहे.

जगण्याच्या खेळांची परंपरा

जपानी लोकप्रिय साहित्यात हा प्रकार अचानक अवतरलेला नाही. नोबुयुकी फुकुमोतो यांची ‘काइजी’ ही कर्जबाजारी तरुणाच्या जुगाराची चित्रकथा १९९६ मध्ये सुरू झाली. कोउशुन ताकामी यांची ‘बॅटल रॉयल’ ही कादंबरी १९९९ मध्ये आली आणि २००० मध्ये किंजी फुकासाकू यांनी तिच्यावर चित्रपट केला. हिरोया ओकू यांची ‘गांत्झ’ २००० मध्ये, तर शिनोबू काइतानी यांची ‘लायर गेम’ २००५ मध्ये सुरू झाली. ‘गांत्झ’वरील २०११ मधील दोन्ही चित्रपट सातो यांचेच आहेत. या परंपरेचे व्याकरण दिग्दर्शकाला पूर्वीपासून अवगत होते, हे त्यावरून दिसते.

समीक्षक त्सुनेहिरो उनो यांनी २००८ मधील ‘झेरोनेंदाइ नो सोझोर्‍योकू’ या ग्रंथात अशा कलाकृतींची सांगड त्या काळातील सामाजिक बदलांशी घातली. समाज आता आपले रक्षण करणार नाही, घरात कोंडून घेऊनही सुटका नाही, तेव्हा स्वतः निर्णय घेऊन झुंजणे भाग आहे, अशी जाणीव त्यांच्या मुळाशी असल्याचे त्यांनी दाखविले. या जाणिवेला आर्थिक आधार होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी मालमत्तेच्या किमतींचा फुगा फुटला आणि आजन्म नोकरीचा जपानी करार सैल होत गेला. १९९९ च्या कायदेदुरुस्तीने कंत्राटी मनुष्यबळ पुरविण्यास बहुतेक क्षेत्रे खुली झाली आणि २००४ पासून कारखान्यांतही हे लोण पोहोचले.

या पार्श्वभूमीवर मालिकेने मूळ कथेत केलेला एक बदल महत्त्वाचा ठरतो. चित्रकथेतील आरिसू शाळकरी वयाचा आहे. त्याचा कंटाळा हा त्या वयाचा कंटाळा आहे. मालिकेतील आरिसू मात्र प्रौढ असूनही नोकरीविना घरात बसून संगणकीय खेळ खेळणारा, वडिलांच्या लेखी निरुपयोगी ठरलेला आणि कर्तबगार धाकट्या भावाच्या सावलीत वावरणारा आहे. ज्याच्या असण्याचा कोणालाच उपयोग नाही, त्याला दिवसांच्या मोजमापाने जगण्याचा परवाना मिळवावा लागतो. ‘व्हिसा’ या शब्दाची धार येथे जाणवते. परकीय भूमीवर तात्पुरते राहण्याची जी परवानगी, ती येथे स्वतःच्या शहरात, स्वतःच्या श्वासासाठी घ्यावी लागते.

बदाम सत्ती : उलटा लपंडाव

पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागातील वनस्पती उद्यानातील खेळ हा मालिकेचा नैतिक केंद्रबिंदू आहे. खेळाचे पान बदाम सत्ती आहे. मराठी घरांतील त्याच नावाचा पत्त्यांचा डाव या पानापासून सुरू होतो. योगायोगाने मालिकेची खरी कथाही येथूनच सुरू होते.

खेळ लपंडावाचा आहे. चौघांपैकी एक लांडगा आणि तिघे मेंढरे. लांडग्याची ज्याच्याशी नजरानजर होईल तो नवा लांडगा होतो. वेळ संपताना जो लांडगा असेल तो जगतो, बाकीचे मरतात. नेहमीच्या लपंडावात राज्य येणे ही शिक्षा असते आणि ते दुसऱ्यावर ढकलण्यासाठी सारे धडपडतात. येथे राज्य हेच जीवन आहे. त्यामुळे आरंभी तिघे मित्र आणि त्यांच्याबरोबरची शिबुकी एकमेकांची नजर मिळविण्यासाठी जिवाच्या आकांताने झगडतात. जन्माच्या मैत्रीला काही मिनिटांत तडा जातो.

त्यानंतर खेळ उलटतो. शेवटी लांडगा ठरलेला आरिसू राज्य देऊन टाकण्यासाठी मित्रांना शोधू लागतो आणि मित्र मात्र त्याच्यापासून लपून राहतात. चोता शिबुकीला धरून ठेवतो. करुबे झाडीत दडतो. आरिसू हाका मारीत फिरतो, पण त्याला कोणी सापडत नाही. ज्याने जगावे असे वाटते, त्याच्या नजरेला न पडणे हेच येथे प्रेमाचे रूप ठरते. खेळाचे नियम अखेरपर्यंत तसूभरही मोडलेले नाहीत. त्याच नियमांत राहून मित्रांनी त्यांचा अर्थ पालटला आहे.

मात्र या प्रसंगाला दुसरी बाजूही आहे. शिबुकीने हा त्याग केलेला नाही. तो तिच्यावर लादला गेला आहे. आरिसूच्या जगण्यात दोघांचे दान आहे आणि एकीचा बळी आहे. पुढील भागांत आरिसू करुबे व चोताच्या आठवणीने तुटतो, पण शिबुकीचे नाव त्याच्या शोकातून जवळजवळ पुसले जाते. मालिकेच्या हिशेबाच्या वहीतील ही पहिली गाळलेली नोंद होय.

शत्रूवाचून शिकार

पर्वाच्या उत्तरार्धात आरिसू आणि उसागी ‘बीच’ नावाच्या वसाहतीत पोहोचतात. एका आलिशान हॉटेलात हॅटरने हे राज्य वसविले आहे. सर्व पाने गोळा झाली की एकाला मूळ जगात परतता येईल, या श्रद्धेवर ते चालते. प्रत्येकाच्या मनगटावर क्रमांक आहे. जुन्या जगातील उतरंडीला कंटाळलेली माणसे येथे नवी उतरंड उभी करतात आणि तिलाच मुक्ती म्हणतात.

बदाम दश्शीचा ‘चेटकिणीची शिकार’ हा खेळ या राज्याचा अंत घडवितो. एका मुलीचा खून झाला आहे. तो करणारी ‘चेटकीण’ शोधून तिला अग्नीच्या हवाली करायचे आहे. सशस्त्र गट संशयिताचा शोध सोडून सरसकट कत्तल सुरू करतो. अखेरीस उघड होते की त्या मुलीने स्वतःच सुरा खुपसून घेतला होता. चेटकीण तीच होती आणि तिच्या देहाला अग्नी देताच खेळ संपणार होता. मारण्याजोगा शत्रू तेथे कोणी नव्हताच. खेळाने केवळ एक शब्द दिला आणि उरलेले काम भयाने केले. शत्रू पुरवावा लागत नाही, तो असल्याची शक्यता सुचविली की पुरे, हे निरीक्षण येथे कोणत्याही भाष्याविना मांडले गेले आहे.

बुद्धीचा खेळ आणि जिवाची किंमत

दुसऱ्या पर्वात चित्रपाने येतात. चौकट राजाच्या खेळाचा येथे विशेष विचार करावा लागतो. प्रत्येकाने ० ते १०० मधील एक संख्या निवडायची. सर्वांच्या सरासरीला ०.८ ने गुणून येणाऱ्या संख्येच्या जो जवळ, तो जिंकतो. बाकीच्यांचा गुण जातो आणि ठरावीक गुण गमावणाऱ्यावर आम्ल ओतले जाते. या खेळाची कल्पना जॉन मेनार्ड केन्स यांच्या १९३६ मधील ग्रंथातील सौंदर्यस्पर्धेच्या दाखल्यापर्यंत मागे जाते. शेअर बाजारात आपल्याला कोण सुंदर वाटते याला महत्त्व नसते, इतरांना कोण सुंदर वाटेल असे इतर मानतात त्याचा अंदाज बांधावा लागतो, असे केन्स यांनी त्यातून दाखविले होते. गणिती दृष्टीने पाहता सर्व खेळाडू पूर्णतः तर्कनिष्ठ असतील तर १०० वरून ८०, ८० वरून ६४ असे उतरत सारे शून्यावर येऊन थांबतात.

हा खेळ अखेरीस चिशिया आणि राजा कुझुर्‍यू या दोघांवर येतो. चिशिया वैद्यक व्यवसायातून आलेला आहे. उपचाराचा क्रम रुग्णाच्या निकडीपेक्षा त्याच्या वजनावर ठरतो, हे पाहून तो कडवट झाला आहे. कुझुर्‍यूने वकिलीत माणसाच्या जिवाची किंमत ठरताना पाहिली आहे. शेवटच्या टप्प्याच्या नियमानुसार एकाने शून्य निवडले तर १०० निवडणारा जिंकतो. चिशिया आपण १०० निवडत असल्याचे उघडपणे दाखवितो आणि स्वतःच्या जीवनमरणाचा निर्णय प्रतिस्पर्ध्यावर सोपवितो. शून्य सोडून बहुतेक कोणताही आकडा निवडून कुझुर्‍यू जिंकू शकला असता. तो शून्य निवडतो.

ज्या शून्याकडे निव्वळ तर्क सर्वांना ओढून नेत होता, त्याच शून्यावर कुझुर्‍यू पोहोचतो, पण तर्काच्या वाटेने नव्हे. कोणाचा जीव अधिक मोलाचा हे ठरविण्याचा अधिकार नाकारणे, एवढाच त्या शून्याचा अर्थ आहे. बदाम सत्तीत मैत्रीने जे साधले, ते येथे एका अनोळखी माणसाच्या न्यायबुद्धीने साधले आहे. त्यामुळे दुसऱ्या पर्वातील हा सर्वांत सघन भाग ठरतो.

फिरता कंदील आणि अनामिक मृत

मरण्यापूर्वी वा निर्णायक क्षणी पात्राचे पूर्वायुष्य दाखविण्याची पद्धत मालिकेत वारंवार वापरली आहे. तिच्याकडे भावोत्कटतेचा ठोकळेबाज उपाय म्हणून बोट दाखविता येईल. शेवट कळल्यानंतर मात्र या पद्धतीचा वेगळा अर्थ लागतो. मरणाच्या क्षणी आयुष्य डोळ्यांपुढून सरकते, या अनुभवासाठी जपानी भाषेत ‘सोमातो’, म्हणजे चित्रे फिरविणारा कंदील, अशी उपमा रूढ आहे. हा सारा प्रदेशच अंतकाळाचा असेल, तर या पूर्वस्मृती त्या कंदिलावरची चित्रे ठरतात. आशय आणि रचना येथे एकमेकांना धरून आहेत.

परंतु याच पद्धतीतून मालिकेची मर्यादाही उघड होते. कंदील सर्वांसाठी फिरत नाही. इस्पिक राजाच्या बंदुकीपुढे शेकडो माणसे कोसळतात, बीचवरील कत्तलीत अनेक जण मरतात. त्यांना नाव नाही, पूर्वस्मृती नाही आणि म्हणून शोकही नाही. प्रेक्षकाच्या शोकात प्रवेश मिळण्यासाठी जणू येथेही व्हिसा लागतो. जिवाचे मोल ठरविण्यास नकार देणारी ही कथा, कॅमेऱ्याच्या पातळीवर मात्र ते मोल पदोपदी ठरवीत राहते. गोळीबाराच्या लांबलेल्या दृश्यांत हिंसेचे प्रेक्षणीयपण तिच्या विचारावर मात करते. तोचिगी प्रांतातील आशिकागा येथे शिबुया चौकाची प्रतिकृती उभारून चित्रित केलेल्या रिकाम्या शहराच्या दृश्यांत जो संयम आहे, तो येथे टिकलेला नाही.

क्रोकेट : थांबण्याचे स्वातंत्र्य

बदाम राणी मिरा हिचा अखेरचा खेळ क्रोकेटचा आहे. त्याची अट चकित करणारी आहे. खेळ न सोडता तीन डाव पूर्ण करायचे. गुणांना महत्त्व नाही, हरले तरी चालते. मिरा आरिसूला चहा पाजते, या जगाविषयी एकामागून एक खोटी स्पष्टीकरणे देते आणि अखेर त्याला अशा भ्रमात नेते की तो मनोरुग्णालयातील रुग्ण असून मित्रांच्या मृत्यूचा अपराधभाव त्याला पेलवत नाही. खेळ सोडला की सुटका, असे प्रलोभन ती दाखविते. उसागी स्वतःच्या मनगटावर जखम करून त्याला भानावर आणते.

योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ या १९३८ मधील ग्रंथात खेळ ही मूलतः स्वेच्छेची कृती असल्याचे म्हटले आहे. हुकुमावरून खेळला जाणारा खेळ हा खेळच राहत नाही. या कसोटीने पाहता आधीचे सारे खेळ सक्तीचे होते. क्रोकेटमध्ये शरीरबळ, बुद्धी वा कपट यांपैकी कशाचीच परीक्षा नाही. येथे परीक्षा आहे ती केवळ थांबण्याच्या इच्छेची. जगण्यासाठी लायकी सिद्ध करावी लागते, हा व्हिसाचा नियम शेवटच्या खेळाने निमूटपणे रद्द केला आहे. बेकार आणि निरुपयोगी ठरलेल्या आरिसूला जगण्याचे कारण सापडत नाही. कारण न सापडताही तो डाव पुरा करतो. मालिकेने दिलेले हे उत्तर प्रामाणिक आहे, कारण मित्रांचे ऋण फिटले असा दावा ते करीत नाही.

विस्मृती आणि तिसरे पर्व

कायमचे नागरिकत्व नाकारणारे रुग्णालयात जागे होतात. करुबे आणि चोता उल्कापातात मरण पावलेले असतात. आरिसूला त्या प्रदेशातील काहीच आठवत नाही. त्याच्यासाठी मित्रांनी लपून राहणे पत्करले होते, हे त्याला कधीच कळणार नाही. उसागीची भेट होते, पण पूर्वी कोठेतरी भेटल्याचा केवळ भास उरतो.

मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या जपानला हा शेवट परका वाटण्याचे कारण नाही. चित्रकथा त्याआधीच सुरू झालेली असल्याने थेट कार्यकारणभाव जोडणे सयुक्तिक ठरणार नाही. तथापि तिची अखेर आणि ही मालिका त्या आपत्तीनंतरच्या आहेत. शेजारचा गेला आणि आपण का उरलो, या प्रश्नाला उत्तर नसते हे ज्या समाजाने अनुभवले, त्याच्यासमोर हा शेवट आलेला आहे.

तिसरे पर्व मूळ चित्रकथेची वाट बऱ्याच अंशी सोडते. आरिसू आणि उसागी आता विवाहित आहेत. मृत्यूपलीकडच्या जगाचा ध्यास घेतलेला संशोधक र्‍यूजी वडिलांच्या मृत्यूने पोळलेल्या उसागीला पुन्हा त्या प्रदेशात नेतो आणि आरिसू तिच्या मागे जातो. खेळ अधिक भव्य झाले आहेत. मात्र ज्या विस्मृतीने दुसऱ्या पर्वाचा शेवट जड केला होता, ती आता उलगडण्याचे कोडे बनते आणि अंतकाळ हा पुन्हा पुन्हा जाता येण्याजोगा प्रदेश होतो. अंतकाळाला परतीचे तिकीट मिळाले की त्याचे भय आणि त्याचे गांभीर्य दोन्ही उणावतात. लोकप्रियतेने पुढे ढकललेल्या कथेची ही किंमत आहे.

समारोप

कॅरोल यांच्या कथेत ॲलिस जागी होते तेव्हा तिला सारे स्वप्न आठवत असते. ती ते बहिणीला सांगून निघून जाते आणि मग बहीण एकटी बसून तेच स्वप्न पाहते. आरिसूला सांगण्यासारखे काही आठवत नाही आणि ऐकणारी बहीणही त्याच्याजवळ नाही. तिची जागा मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांनी प्रेक्षकाला दिली आहे. करुबे झाडीत का दडला होता आणि कुझुर्‍यूने शून्य का निवडले, हे आता प्रेक्षकाखेरीज कोणाला ठाऊक नाही. शिबुकीवर त्याग लादला गेला हेही त्यालाच ठाऊक आहे, जरी मालिकेला त्याचा विसर पडला असला तरी.

जगण्याच्या खेळांच्या परंपरेने बहुधा कोण जिंकले याचीच नोंद ठेवली. ‘ॲलिस इन बॉर्डरलँड’ने हरलेल्यांची नोंद ठेवण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्धाच साधला. नाव नसलेल्यांची पाने तिच्या वहीत कोरीच राहिली. तरीही जिंकलेल्याला स्वतःचे ऋण आठवू नये आणि ते साक्षीदाराने वाहावे, ही तिची योजना या परंपरेत वेगळी उठून दिसते. तिचे वाङ्मयीन मोल खेळांच्या कल्पकतेपेक्षा या योजनेत अधिक आहे.